घोडा शिकतो सुटकेतून

1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवलं. या प्रकारात स्त्रियांना उतरू देण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि हार्टेलला तर घोडीवर चढायला-उतरायलाही माणसांचा आधार लागत होता. 1944 मध्ये, ऐन तेविशीत, तिला पोलिओने गाठलं होतं. व्यायामाच्या जोरावर तिने बरंचसं शरीर पुन्हा कामाला लावलं, पण गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे राहिले. त्याच पायांनी तिने 1956 मध्ये दुसरं रौप्यपदकही मिळवलं.

हार्टेलची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती जिद्दीची आहेच. पण घोड्यांत वावरणाऱ्याला तिच्यात आणखी एक प्रश्न दिसतो. ड्रेसाजमध्ये 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद रिंगणात घोडा वर्तुळं घेतो, तिरका चालतो, जागच्या जागी पावलं टाकतो. आणि स्वाराने त्याला काही सांगितल्याचं बघणाऱ्याला दिसता कामा नये, अशी अपेक्षा असते. घोडा पुढे काढायचं मुख्य साधन म्हणून स्वारीच्या कुठल्याही पुस्तकात पोटरी आणि टाच सांगितलेली असते. हार्टेलची ही दोन्ही साधनं गेलेली होती. मग ज्युबिली नावाच्या त्या घोडीशी ती बोलत कशाने होती?

मांडीने, कमरेने, पाठीच्या कण्याने, अंगाचा भार जरा इकडचा तिकडे करून. घोडीला तेवढं पुरत होतं.

हे ‘पुरणं’ हाच या प्रकरणाचा विषय आहे. घोड्याला काय कळतंय ते आपल्याला कळणं आणि तेवढंच नेमकं सांगता येणं, याला आपण जाण म्हणू. काहींना ती उपजत असते आणि बाकीच्यांनी नाद सोडावा, असं तबेल्यांमधून सर्रास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. ही जाण म्हणजे बऱ्याच अंशी एक सवय आहे : घोड्याने होकाराची पहिली खूण दिली की ती ओळखायची आणि त्याच क्षणी आपला दाब काढून घ्यायचा. सवय म्हटली की ती लावून घेता येते. त्यासाठी आधी घोडा जग कसं अनुभवतो ते माहीत हवं.

माशी कळते त्याला टाचही कळते

घोड्याच्या अंगावर माशी बसली की नेमकी तेवढीच जागा थरथरते. त्याच्या धडावरच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो आणि तो कातडी झटकायच्या कामी येतो. स्वाराची पोटरी टेकते ती याच भागावर. ज्या प्राण्याला माशी बसलेली कळते, त्याला सारखी टाच मारूनही पुढे जायचं कळत नसेल, हे संभवत नाही. त्याने ऐकणं सोडून दिलेलं असतं. प्रत्येक पावलाला टाच मारणारा स्वार पाठीवर असला, की घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीकडे आपलं लक्ष जाईनासं होतं तसं घोड्याचं टाचेकडे जाईनासं होतं. मग लोक त्याला ‘सुस्त’ म्हणतात आणि हातात चाबूक घेतात.

डोळ्यांचंही असंच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला भोवतालचं जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं. कपाळासमोरचा अगदी जवळचा आणि शेपटीमागचा, एवढेच दोन पट्टे त्याच्या नजरेबाहेर राहतात. मागून गुपचूप जाणाऱ्याला लाथ बसते ती त्यामुळे. जुना मोतद्दार तोंडाने काहीतरी बोलत, पुठ्ठ्यावर हात फिरवत घोड्याच्या मागून जातो तोही त्यामुळेच. कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात आणि घोड्याचं लक्ष कुठे आहे ते बसल्या जागेवरून सांगतात. चालता चालता एक कान मागे, स्वाराकडे वळलेला असला, तर घोडा आपल्याकडे लक्ष देऊन आहे. दोन्ही कान रस्त्याकडेच्या झुडपावर रोखलेले असले, तर पुढच्या काही पावलांत तो बुजण्याची शक्यता आहे. दोन्ही कान मागे मानेला चिकटले, तर तो चिडलेला आहे किंवा त्याला काहीतरी दुखतंय.

घोड्याची नजर किती बारीक असते याचा सगळ्यात गाजलेला पुरावा बर्लिनमध्ये मिळाला. विल्हेल्म फॉन ओस्टेन हा गणिताचा निवृत्त शिक्षक आपल्या हान्स नावाच्या घोड्याला बेरजा-वजाबाक्या विचारी आणि हान्स खूर आपटून उत्तरं देई. 1904 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने पद्धतशीर प्रयोग केले आणि 1907 मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसलं, किंवा तो हान्सला दिसत नसला, की हान्सची उत्तरं चुकत. प्रश्न विचारून झाला की विचारणारा खुराकडे बघायला किंचित वाके; हान्स टापा सुरू करी. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत केसभर वर येई, हान्स थांबे. ही मेख सापडल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या डोक्याची ती हालचाल पूर्णपणे आवरता आली नाही.

मानसशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण प्रयोगात शिरणाऱ्या दोषाचं म्हणून शिकवतात. स्वाराने त्यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. घोडा आपल्याला सतत वाचत असतो, आणि आपण काय सांगतोय याचा आपल्यालाच पत्ता नसतो. खोगिरावर उगीच सरकणं, लगामाशी चाळा, घट्ट आवळलेले गुडघे, रोखून धरलेला श्वास हे सगळं त्याच्यापर्यंत पोचतं. या गोंगाटातून त्याने आपला खरा इशारा वेगळा काढावा अशी आपली अपेक्षा असते. तो गोंगाट कमी करणं ही जाण वाढवण्याची पहिली पायरी.

दोन बोटांचा दाब

आता एक छोटीशी गोष्ट अगदी जवळून बघू. घोड्याला एक पाऊल मागे घ्यायचं आहे. खोगीर नाही, स्वार नाही. मोरखी घातलेला घोडा उभा आहे आणि त्याच्यासमोर जरा एका बाजूला तुम्ही. मोरखीची दोरी जबड्याखाली जिथे अडकवली आहे तिथे ती दोन बोटांत धरा आणि घोड्याच्या छातीच्या दिशेने हलका दाब द्या. पहिल्यांदा काहीच होणार नाही. सोडू नका आणि हिसकाही देऊ नका. दाब हळूहळू वाढवा. घोडा आता या कटकटीवर उपाय शोधायला लागतो. डोकं वर उचलून बघेल, कदाचित उलट तुमच्या अंगावर रेटेल. दाब तसाच राहू द्या. मग एका क्षणी त्याची छाती थोडी मागे सरते, पुढच्या पायांवरचा भार मागच्या पायांवर जातो. खूर अजून जमिनीवरच आहे. पाऊल पडलेलं नाही. बोटं सोडायची ती इथे.

बहुतेक नवशिके पाऊल पडेपर्यंत दाब धरून ठेवतात. त्यांच्या लेखी उत्तर म्हणजे पाऊल. घोड्याने मात्र भार मागे नेऊन उत्तराची सुरुवात केलेली असते आणि तिची कुणी दखल घेतली नाही असा त्याला अनुभव येतो. मग तो ते सोडून दुसरंच काही करून बघतो. नेमकं त्याने डोकं झटकलं त्याच वेळी आपला हात थकून ढिला पडला, तर डोकं झटकल्यावर सुटका होते हे त्याला पक्कं कळतं. आपण ते शिकवलं नाही असं आपल्याला वाटतं, पण घोडा शिकलेला असतो.

शिकण्याच्या या रीतीला मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात. नकोशी गोष्ट काढून घेतली, की ती काढून घेण्याआधी जे वर्तन घडलं ते पक्कं होतं. लगाम, टाच, मांड, दोरी ही स्वाराची जवळजवळ सगळी साधनं याच रीतीने चालतात. दाबाने घोड्याला प्रश्न कळतो. आपलं उत्तर बरोबर होतं हे त्याला दाब सुटल्यावर कळतं. सुटकेला एखाद्या सेकंदाचा उशीर झाला तरी ती दुसऱ्याच हालचालीच्या खात्यावर जमा होते. म्हणून ताकदवान हातापेक्षा वेळेवर सुटणारा हात घोड्याला जास्त शिकवतो. तसंही साडेचारशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच करून साठ-सत्तर किलोचा माणूस जिंकत नसतो.

हाच नियम भीतीलाही लागू पडतो. फडफडणाऱ्या प्लॅस्टिकला बुजणाऱ्या घोड्याला त्याची सवय करायची आहे, असं समजा. प्लॅस्टिक जवळ नेलं, घोडा उधळल्यासारखा बाजूला गेला आणि आपण घाबरून प्लॅस्टिक खाली ठेवलं, तर उधळलं की संकट टळतं हा धडा आपण त्याला देऊन बसलो. म्हणून सुरुवात इतक्या लांबून करायची, की त्याला ते दिसावं पण पळावंसं वाटू नये. तो क्षणभर स्थिर राहिला, त्याने मान जराशी खाली घेतली, की प्लॅस्टिक दूर न्यायचं. मग पुन्हा जवळ, पुन्हा दूर. घाई केली तर दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं.

सुटकेनंतरचा थोडा वेळही महत्त्वाचा असतो. घोडा पुष्कळदा जीभ फिरवतो, तोंड चावल्यासारखं हलवतो, लांब श्वास सोडतो. ताण उतरत असल्याची ती खूण मानतात. त्या वेळी लगेच पुढची मागणी करू नये. शाबासकी द्यायची तर मानेवर थाड थाड थापा मारण्यापेक्षा मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा खाजवावा. घोडे एकमेकांना खाजवतात ते बहुधा तिथेच. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं त्यात दिसून आलं.

यातलं पुष्कळसं जुन्या लोकांना माहीत होतं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर छोटासा ग्रंथ लिहिला आहे. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, तो ज्या वस्तूला बुजतो तिला आधी आपण हात लावून दाखवावा, त्याने सांगितलेलं केलं की त्याला विसावा द्यावा, असं तो सांगतो. जबरदस्तीने करवून घेतलेलं घोड्याला समजत नाही आणि ते बघायलाही सुंदर नसतं, हे त्याचं मुख्य सूत्र. विसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात हा विचार गुराख्यांमध्ये नव्याने रुजला. तिथे कोवळ्या घोड्याला बांधून, दमवून, त्याच्या उड्या संपेपर्यंत पाठीवर टिकून त्याला ‘मोडण्या’ची रीत होती. ओरेगनमध्ये वाढलेल्या बिल डोरन्स (1906–1999) आणि टॉम डोरन्स (1910–2003) या भावांनी दुसरी वाट धरली. त्यांच्याकडून शिकलेल्या रे हंटने ती जागोजागी शिबिरं घेऊन पसरवली. आपल्याला नको असलेली गोष्ट घोड्यासाठी अवघड आणि हवी असलेली सोपी करायची, आणि त्याने केलेला अगदी बारीक प्रयत्नही वाया जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता.

मांड पक्की आणि मोकळी

जमिनीवरून जे दिसतं ते पाठीवर बसल्यावर दिसत नाही. तिथे ते अंगाला कळावं लागतं. इथे मांडीचा आणि कमरेचा अभ्यास सुरू होतो.

‘पक्की मांड’ म्हटलं की गुडघे आवळून बसलेला स्वार डोळ्यांसमोर येतो. आवळलेला गुडघा स्वाराला खोगिरावरून वर ढकलतो आणि घोड्याच्या पाठीची हालचाल त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. पक्की मांड म्हणजे बैठकीची दोन्ही हाडं खोगिरावर सारखी टेकलेली, कंबर मोकळी, पाय स्वतःच्या वजनाने लोंबलेले. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची परंपरा सोळाव्या शतकापासूनची आहे. तिथे नव्या शिकाऊ स्वाराला आधी लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात. हातात लगाम नाही, पायांत रिकीब नाही. असे कित्येक महिने जातात. तोल लगामाच्या आधाराने सांभाळायची सवय एकदा लागली, की पुढे घोड्याच्या तोंडाला त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून हा खटाटोप.

तुमच्या जवळच्या क्लबमध्ये अशी सोय असली तर एक अभ्यास करून बघा. घोडा दोरीवर संथ कदम चालीने चालतोय, दोरी जाणत्या माणसाच्या हातात आहे. डोळे मिटा. कदम चालीत चार ठोके असतात : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मागचा डावा पाय उचलून पुढे येतो तेव्हा घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं आणि तुमच्या बैठकीची डावी बाजू जरा खाली जाते. ते जाणवलं की मोठ्याने ‘डावा’ म्हणा, दुसरीकडे गेल्यावर ‘उजवा’. खालचा माणूस बघून बरोबर की चूक ते सांगेल. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरं अंदाजपंचे असतात. काही दिवसांत कंबरच उत्तर द्यायला लागते आणि डोकं मध्ये पडेनासं होतं.

या अभ्यासाचा उपयोग सरळ आहे. घोडा जो पाय हवेत आहे तोच लांब टाकू शकतो किंवा दुसरीकडे ठेवू शकतो. जमिनीवर टेकलेल्या पायावर त्याचा भार असतो. त्या वेळी केलेली सूचना त्याला ऐकू आली तरी पाळता येत नाही. डावीकडचा मागचा पाय जास्त पुढे यावा असं वाटत असेल, तर सांगायची वेळ तो उचलला जात असतानाची. त्याच वेळी पोट उजवीकडे झुललेलं असल्यामुळे आपली डावी पोटरी आपोआप आत पडते. पाय मोकळा असेल तर योग्य क्षण शरीरच दाखवून देतं. टाचा मारून दमलेल्या पुष्कळ स्वारांची टाच वजनाला कमी पडत नाही, वेळेला चुकते.

दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात आणि दोनच ठोके येतात. कँटरमध्ये तीन ठोके आणि मग क्षणभर चारही पाय अधांतरी. चौखूर धावताना पुन्हा चार. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्या रेवाल चालीला मोल येतं, तिच्यात स्वाराला हिसका जवळजवळ लागत नाही. प्रत्येक चाल कमरेला वेगळी कळते. घोडा चाल बदलण्याच्या बेतात असतो तेव्हा पाठीत आधी ताण येतो, मग पावलं बदलतात. तो ताण जाणवायला लागला, की स्वार घोड्याच्या मागून धावायचा थांबतो आणि त्याच्याबरोबर असतो.

लगामाच्या दुसऱ्या टोकाला

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदातांची जागा असते. लगामाचं कडियाळं तिथे, जिभेवर आणि हिरडीवर बसतं. त्या हिरडीवर मांस फारसं नसतं. पातळ आवरणाखाली थेट जबड्याचं हाड. स्वाराच्या हातातल्या प्रत्येक हालचालीचा शेवट इथे होतो.

कदम चालीत आणि कँटरमध्ये घोडा तोल सांभाळायला मान वर-खाली करतो. त्या वेळी स्वाराचे कोपरही पुढे-मागे व्हायला हवेत. ते झाले नाहीत, तर घोडा दर पावलाला स्वतःच्या मानेने लोखंडावर आदळतो आणि चालण्याचीच शिक्षा भोगतो. दुडकीत मान बरीचशी स्थिर असते, म्हणून हातही स्थिर हवेत. हात एका जागी गच्च धरणं म्हणजे स्थिर हात, असा गैरसमज आहे. हात घोड्याच्या तोंडाच्या हिशेबाने स्थिर हवा, आणि तोंड हलत असेल तर हातालाही हलावंच लागतं.

थांबवताना आधी श्वास सोडा, कंबर जड करा, पाठीचा झोका थांबवा आणि त्यानंतर बोटं मिटा. घोडा थांबायला लागला की तो पूर्ण थांबण्याची वाट न बघता बोटं उघडा. हा क्रम रोज पाळला, तर काही आठवड्यांत घोडा श्वासावरच थांबायला लागतो, लगामापर्यंत वेळच येत नाही. घोडा जास्त शहाणा झाला म्हणून हे होत नाही. पुढे काय येणार हे त्याला आधीच्या खुणेवरून ओळखता येतं, आणि त्या पहिल्या खुणेलाच उत्तर दिलं तर पुढचं टळतं, हा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. हलका स्वार आणि हलका घोडा यांच्यातलं गुपित एवढंच.

न उघडलेली छत्री

स्वाराची भीती घोड्याला कळते असं पूर्वापार म्हणतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी ते तपासलं आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसांनी घोडा हातात धरून किंवा त्यावर बसून एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत न्यायचा, असं चार वेळा करायचं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आलं, की या वेळी घोडा जवळून जाताना एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीविषयी काहीच माहीत नव्हतं; त्यांच्यापर्यंत पोचली ती माणसाची धास्ती.

घोडा शिकार होणारा प्राणी आहे. कळपातल्या एकाचं अंग ताठलं की बाकीच्यांनी कारण न विचारता सावध व्हायचं, यावर त्याच्या पूर्वजांचा जीव तगला. पाठीवरचं माणूसही त्याच्या लेखी सोबतीच आहे. झुडूप बघून आपण लगाम आखडला, मांड्या आवळल्या, श्वास रोखला, तर ‘धोका आहे’ हे आपणच त्याला कळवलं. ‘घाबरू नकोस’ हे शब्द त्यावर उतारा होत नाहीत. भीती ठरवून घालवता येत नाही, पण श्वास ठरवून सोडता येतो. नजर झुडपावरून काढून पुढच्या वळणावर नेता येते. गुडघे सैल करता येतात. घोडा वाचतो तो या गोष्टी.

घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर प्रत्येक मराठी मुलाला येतं : न फिरवल्याने. कोंडून ठेवलेला, फक्त चंदी खाऊन रग साठलेला घोडा खरंच अडतो. पण अडण्याची आणखी कारणं असतात आणि त्यात पहिलं दुखणं.

खोगीर रुंदीला चुकलं की पाठ लागते. दाढेला धार आली की कडियाळं टोचतं. नाल उशिरा बदलला की पावलाचा कोन बिघडतो. घोडा हे बोलून दाखवत नाही, आणि दुखणं लपवणं ही तर शिकार होणाऱ्या प्राण्यांची रीतच. स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यक संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या 24 खुणांची यादी मांडली : कान सतत मागे असणं, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी एका बाजूला धरणं किंवा सारखी फटकारणं, डोकं वाकडं करणं, पाय अडखळणं अशा. यातल्या 8 किंवा त्याहून जास्त खुणा दिसल्या, तर घोड्याच्या अंगात कुठेतरी दुखत असण्याची दाट शक्यता आहे, असा त्यांचा निष्कर्ष. यातल्या बऱ्याचशा खुणांना तबेल्यात ‘खोड’ म्हणतात आणि त्यावर टोकदार कडियाळ्याचा इलाज करतात. दुखण्यावर दाब वाढवला तर घोड्याला सुटकेची वाट उरत नाही. मग तो मागच्या पायांवर उभा राहतो किंवा स्वाराला पाडतो.

म्हणून जाणता स्वार खोगीर चढवण्याआधी पाच मिनिटं देतो. खरारा करताना पाठीच्या कोणत्या जागी कातडी आक्रसते, तंग आवळताना घोडा चावायला वळतो का, खूर उचलायला आज नेहमीपेक्षा वेळ लावतो का, हे तो बघून ठेवतो. ही खबरदारी आपल्याकडेही नवी नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची जी रचना आहे, तीत दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरवणारा आणि नालबंद नेमून दिलेला आहे. 1670 च्या दशकात, मे महिन्यात, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी जे पत्र लिहिलं त्यात, चंदी-वैरण आत्ताच उधळली तर भर पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, अशी सक्त ताकीद आहे. घोड्याच्या वागण्याचा जाब आधी माणसाला विचारायचा, ही त्यातली दृष्टी आजही उपयोगी आहे.

शिकायचं कुणाकडे

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीत असं यश 1982 नंतर प्रथमच मिळालं. चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. ते चौघेही बरीच वर्षं युरोपात राहून तयार झालेले. पण घोड्याची जाण यायला युरोप गाठावा लागतो असं नाही. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत एक दिवस नुसतं उभं राहून घोड्यांचे कान आणि मालकांचे हात बघितले, तरी पुष्कळ शिकायला मिळतं. एकाच जातीचा, एकाच वयाचा घोडा एका माणसाच्या हाती घामाने डबडबलेला असतो आणि दुसऱ्याच्या हाती ढोलाच्या आवाजातही एक पाय ढिला सोडून उभा असतो. माथेरानच्या चढावर एखादा घोडा पर्यटकाच्या टाचेला दाद देत नाही, पण घोडेवाल्याच्या तोंडातल्या बारीक आवाजावर पावलं बदलतो. तो आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, हे कान देऊन ऐकण्यासारखं असतं.

आपण शिकतोय की नाही, हे मोजायचं मापही सोपं आहे. गेल्या महिन्यात जे करून घ्यायला जेवढा दाब लागत होता, त्यापेक्षा आज कमी लागतो का? लागत असेल तर घोडा आणि तुम्ही, दोघंही शिकताय. तेवढाच लागत असेल तर सुटका उशिरा होतेय. जास्त लागत असेल तर थांबा. आधी पाठ, दात आणि खूर तपासून घ्या, मग स्वतःचा हात. रोजच्या कामात घोड्याने एखादी अवघड गोष्ट पहिल्यांदाच नीट केली, तर ‘आणखी एकदा’चा मोह आवरून तिथेच खाली उतरावं, तंग सैल करावा. स्वाराचं उतरणं ही घोड्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सुटका, आणि ती कशानंतर मिळाली हे तो विसरत नाही.

शिक्षक निवडतानाही हीच कसोटी लावावी. त्याच्या कपाटातले करंडक किंवा आवाजातला धाक बघून ठरवू नये. त्याच्या रिंगणाच्या कडेला अर्धा तास उभं राहावं आणि घोड्याने सांगितलेलं केल्यानंतरच्या पहिल्या सेकंदात त्याचे हात काय करतात, तेवढंच बघावं. ते उघडत असतील, तर तिथे नाव घालावं.